चेपलेलं बोंडलं

गोहलपूर मोहल्ल्यातल्या त्या गल्लीत रामटेकेताई कुठं राहतात असं विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. ‘दीदी की डाय’, म्हणजे दीदीचं साच्यांचं दुकान, म्हणालात तर कोपऱ्यावरचा पानवाला स्वतः उठून दुकानापर्यंत आणून सोडेल, आणि दीदीच्या हातचा साचा ही काय चीज असते ते वाटेत सांगेल. त्याला साच्यातलं ओ की ठो कळत नाही. पण दीदीबद्दल बोलायची संधी त्या गल्लीत कोणीच सोडत नाही. सत्तरी गाठलेले मिस्त्रीसुद्धा त्यांना दीदी म्हणायचे, आणि ताई तेव्हा साठीच्या आतबाहेर होत्या. त्या हिंदी मुलखात मराठी माणूस दिसला की मात्र त्या लगेच बजावायच्या, “तुम्ही ताई म्हणा जी. दीदी ऐकून ऐकून कान किटले माझे.”

मी तेव्हा त्याच शहरात, सिविल लाइन्समधल्या एका लहानशा कंपनीत होतो. दवाखान्यांना लागणाऱ्या प्लास्टिकच्या वस्तूंची डिझाइनं करायची, त्यांचे दहा-वीस नमुने बनवून घ्यायचे, डॉक्टरांना दाखवायचे, हे माझं काम. नमुने ताई बनवायच्या. कारखान्यातली मोठी मशीनं दहा-वीस नगांसाठी कोण चालू करणार? ताईंचं मशीन हातानं चालणारं होतं. वर प्लास्टिकचा दाणा वितळवायची नळी, खाली पकडीत आवळलेला साचा, बाजूला हातभर लांबीचा दांडा. दाणा वितळला की ताई पदर खोचायच्या, दोन्ही हातांनी दांडा खाली ओढायच्या आणि मनातल्या मनात काहीतरी मोजत तसंच धरून ठेवायच्या. मोजताना कोणी बोललं तर डोळे मोठे करायच्या. मी पहिल्याच दिवशी बोललो होतो.

पहिल्याच दिवशी मी आणखीही एक गोष्ट केली होती, ती म्हणजे लॅपटॉप उघडून त्यांच्यासमोर शान मारली होती. सलाइनच्या नळीला लावायच्या एका चिमट्याचं चित्र होतं. रंगीत, गोल गोल फिरणारं. ताईंनी ते पुरतं दोनदा फिरू दिलं.

“मस्त फिरून राहिलं जी,” त्या म्हणाल्या. “आता हे सांगा, साच्यातून बाहेर कसं निघेल?”

मी म्हणालो, “म्हणजे?”

“आत जायला काय लागते? वितळलेलं प्लास्टिक कुठंबी घुसते. इथं पहा, हा आकडा साच्यात अडकून बसला. आता साचा फोडायचा का चिमटा?”

मी लाल कानांनी परत आलो. तिसऱ्या खेपेला त्यांनी माझं चित्र मान्य केलं, तेही “चलो, निघेल बापा कसं तरी” एवढं म्हणून. त्या दिवशी मला कॉलेजातल्या कुठल्याही निकालापेक्षा जास्त आनंद झाला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

‘बाहेर कसं निघेल’ हा प्रश्न ताई साच्यापुरता ठेवत नसत. समोरच्या बॅटरीवाल्या सोनीजींनी एकदा दुकानातच वेल्डर बोलावून भलंमोठं लोखंडी कपाट जोडून घेतलं. ताई चहाचा कप घेऊन दारात उभ्या. “भैया, बाहर कैसे निकलेगा?” सोनीजी हसून म्हणाले, “निकालना किसको है, दीदी?” सहा महिन्यांत त्यांनी दुकान हलवलं, आणि कपाटासाठी दाराची अर्धी चौकट उखडावी लागली. तेव्हाही ताई चहाचा कप घेऊन दारात उभ्या होत्या. तो चहा त्यांना नेहमीपेक्षा बराच वेळ पुरला.

त्यांची भाषा सगळी जेवणाखाण्याची होती. साचा पुरा भरला नाही आणि वस्तू अर्धवट निघाली की तो ‘उपाशी राहिला’. प्लास्टिक जास्त होऊन जोडातून पातळ पापुद्रा बाहेर आला की ‘जास्त जेवला’. नव्या साच्यातून निघालेली पहिली वस्तू नेहमीच उपाशी असते. बाकीचे कारागीर ती पुन्हा वितळवायला टाकतात. ताई ती तारेत ओवायच्या. मशीनच्या वर भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तार होती, आणि तिच्यावर तीस वर्षांच्या चुका लटकत होत्या. अर्धी बटणं, बिनकानाची झाकणं, एका पायाचा खेळण्यातला घोडा. गिऱ्हाईक आलं की आधी त्या तारेकडं बघायचं आणि बावचळायचं. मी एकदा म्हणालोही, “ताई, चांगल्या वस्तू लावा की दर्शनी.” त्या म्हणाल्या, “चांगल्या वस्तू लोकाइच्या घरी गेल्या जी. ह्या माह्या आहेत.”

आणि तो ओठ. वस्तू साच्यातून निघाली की ताई तिची कड खालच्या ओठावरून फिरवायच्या. डोळे मिटून, सावकाश. नवख्या माणसाला ते विचित्र वाटायचं. मी कारण विचारलं तेव्हा त्यांनी हात पुढं केले. बोटांना घट्टे पडलेले, आयुष्यभर कानस चालवून. “याइले आता काही समजत नाही. ओठ अजून कोरा आहे.” ओठाला जी कड लागली ती दुकानाबाहेर जात नसे.

कानस त्या एका सरकारी कारखान्यात शिकल्या. आयटीआय करून लागल्या तेव्हा साचे बनवायच्या विभागात त्या एकट्याच बाई होत्या. फोरमननं परीक्षा म्हणून लोखंडाचा ठोकळा दिला, सपाट करून आण म्हणाला. ताईंनी दोन दिवस घासून नेला. फोरमननं त्यावर पट्टी उभी धरली, खालून उजेडाची रेघ दिसली, सगळे हसले. ताई हसणं संपेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, “साहब, पट्टी पलटा के देखिए.” पट्टी उलटली तर रेघ दुसऱ्या टोकाला गेली. वाकडी पट्टी होती, ठोकळा नव्हता. ही गोष्ट सांगताना ताईंच्या चेहऱ्यावर जे तेज यायचं ते पाहण्यासाठी मी ती निदान पाच वेळा नव्यानं ऐकल्यासारखी ऐकली आहे.

तर अशा या बाईंकडून एक चूक झाली, आणि त्या चुकीत माझा वाटा निम्म्याहून जास्त होता. तीच सांगायची आहे.

एका धर्मादाय रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आमच्या कंपनीला बोलावलं. त्यांच्याकडं फाटक्या टाळूची बाळं येत. अशा बाळाला दूध ओढता येत नाही. टाळूलाच भोक, त्यामुळं चोखायला जोर धरत नाही. बाटली निकामी, चमच्यानं निम्मं सांडतं. आणि वजन भरल्याशिवाय ऑपरेशन होत नाही. तेव्हा वॉर्डात मंडला जिल्ह्याकडची दीड महिन्याची एक मुलगी होती, जन्मापासून तिचं वजन जवळजवळ हललंच नव्हतं. तिची आई खाटेवर कटोरी-चमचा घेऊन दिवसभर बसलेली असायची. डॉक्टर म्हणाले, “कुछ ऐसा बनाइए जो उबल सके, और माँ ख़ुद पिला सके।”

मी उत्साहानं एक झकास बाटली काढली आणि गोहलपूरला नेली. ताईंनी चित्राकडं पाहिलंसुद्धा नाही. “याच्याहून बोंडलं बरं,” त्या म्हणाल्या.

बोंडलं म्हणजे तान्ह्या बाळाला दूध पाजायची चोचीची वाटी. आपल्याकडं पूर्वी घरोघरी असायची, आताशा दिसत नाही. दुसऱ्या दिवशी ताई रुमालात गुंडाळून एक घेऊन आल्या. पितळेचं, कल्हई उडालेलं, तळहातात मावेलसं. “मदन महल मोहल्ल्यात दादाकडं राहते. आमच्या आईचं. दादा याच्यावरच वाढला.”

त्यांच्या थोरल्या भावाला, मधुकरदादांना, मी दोनदा पाहिलं होतं. पोस्टात चिठ्ठ्या गावांप्रमाणं लावायच्या कामावर जन्म काढून निवृत्त झालेले. बोलणं नाकातून आणि अगदी मोजकं. झुपकेदार मिशा ओठ झाकून हनुवटीकडं आलेल्या. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. फाटका ओठ आणि फाटकी टाळू घेऊन जन्मलेलं एक बाळ त्या घरात होऊन गेलं होतं. ताईंनी मात्र तो विषय एवढ्यावरच थांबवला.

बोंडल्याच्या चोचीला एका बाजूनं चेप होता. अंगठ्याएवढा, आत दबलेला. मी तज्ज्ञाच्या थाटात म्हणालो, “हा काढून टाकू. इथं साच्यात अडकेल, बाहेर निघणार नाही.” त्यांचाच प्रश्न त्यांना ऐकवताना मला काय गुदगुल्या झाल्या असतील! ताईंनी चेपावरून बोट फिरवलं. “आईच्या हातून पडलं असन कधी. काढा. सरळ करू.”

आणि काय सरळ केलं! तो साचा म्हणजे ताईंच्या हातची कमाल होती. दुधिया रंगाचं, हलकं, दोन्ही बाजूंनी सारखं बोंडलं. ओठाला कड नाही, कुठं पापुद्रा नाही. दहा नग घेऊन आम्ही गुरुवारी सकाळी वॉर्डात गेलो. ताई नवी साडी नेसून आल्या होत्या.

सिस्टरनं बोंडल्यात दूध घेतलं आणि मुलीच्या तोंडाला लावलं. दूध भसकन आत गेलं. मुलगी ठसकली, निळी पडली, दूध नाकातून बाहेर आलं. सिस्टरनं तिला उपडं करून पाठ थोपटली. मुलीच्या आईनं आमच्याकडं असं पाहिलं की मला दार कुठं आहे ते दिसेना. सिस्टरनं दोनदा, तीनदा, अगदी थेंबाथेंबानं प्रयत्न केला. चोच रुंद होती, दूध हाताच्या काबूत राहत नव्हतं. डॉक्टर रागावले नाहीत, ते जास्त लागलं. ते म्हणाले, “सोमवार तक देखते हैं। फिर नाक से नली डालनी पड़ेगी।”

बाहेर आल्यावर ताई माझ्या स्कूटरवर बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, “मदन महल.”

मधुकरदादा व्हरांड्यात पेपर वाचत होते. ताईंनी त्यांच्यासमोर दोन्ही बोंडली ठेवली, पितळेचं आणि आमचं. काय झालं ते सांगितलं. दादांनी आमचं बोंडलं उचललं, चोचीशी बोट नेलं आणि विचारलं, “चेप कुठं आहे?”

“काढला. पडून चेपलं होतं ना ते.”

“पडलं नव्हतं. आईनं चेपलं.”

दादा नाकातून, सावकाश, शब्द जोडत बोलू लागले. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. “मले पाजताना दूध असंच भसकन यायचं. नाकातून यायचं. आईनं पाट्याच्या कोपऱ्यावर बोंडलं ठेवलं अन् वरवंट्यानं ठोकलं. थोडं ठोकायचं, मले पाजून पाहायचं. पुन्हा थोडं ठोकायचं. तीन दिवस लागले म्हणे तिले. चेपाच्या बाजूनं दूध बारीक येते. गालात उतरते, नाकात जात नाही.”

“अन् मले काहून नाही सांगितलं?” ताईंचा आवाज चढला.

“तू कधी विचारलं?”

खरंच होतं. साठ वर्षं भावाच्या ओठाबद्दल या दोघांत शब्द निघाला नव्हता. त्याला वाईट वाटेल म्हणून बहीण विचारत नव्हती. विचारत नाही म्हणून भाऊ सांगत नव्हता. मिशा दोघांच्याही सोयीच्या झाल्या होत्या. आणि त्या प्रेमापायी घरातली सगळ्यात कामाची गोष्ट अडगळीत पडून राहिली होती. मला त्या क्षणी दोघांचा राग आला आणि दोघांबद्दल माया दाटून आली, दोन्ही एकदम.

मग ताई हसल्या. पोट धरून हसल्या. “अरे दादा, म्हणजे आई पण आमच्याच लाइनची होती! नमुना करून पाहायचा, चुकला का दुरुस्त करायचा, पुन्हा पाहायचं! अन् मी तीस वर्षं समजून राहिली का आमच्या खानदानात मीच पहिली!”

हसता हसता त्या स्वयंपाकघरात गेल्या. वहिनी पोळ्यांची कणीक मळत होत्या. ताईंनी लिंबाएवढा गोळा उचलला, पितळी चेपात दाबला आणि अलगद काढला. चेपाचा हुबेहूब उंचवटा हातात आला. “वाळायच्या आत माप घ्या, इंजिनीअर साहेब,” त्या म्हणाल्या. मी घेतलं, कणकेनं लडबडलेल्या बोटांनी.

आता प्रश्न तोच राहिला होता: चेप साच्यात ठेवला तर बोंडलं बाहेर कसं निघेल? रंगीत चित्रात त्याला उत्तर नव्हतं. ताईंकडं होतं. चेपाच्या जागी पोलादाचा एक सुटा तुकडा करायचा, अंगठ्याच्या पेराएवढा. दर वेळी तो हातानं साच्यात बसवायचा, प्लास्टिक भरायचं, आणि साचा उघडला की तुकडा बोंडल्यासोबतच बाहेर काढून बाजूला घ्यायचा. मोठ्या कारखान्याला हा नाद परवडत नाही. ताईंना परवडत होता. शुक्रवार आणि शनिवार त्यांनी तो तुकडा घासला. आतल्या बाजूचा फुगवटा इतका उतरता केला की प्लास्टिक कोमट असतानाच सरकून सुटावं. फोन उचलला नाही, गिऱ्हाइकांना हाताच्या खुणेनंच परत पाठवलं. पानवाल्यानं गल्लीत बातमी पसरवली होती, त्यामुळं रविवारी दुकानासमोर क्रिकेटच्या सामन्याला जमावेत तसे लोक जमले.

पहिलं उपाशी निघालं. दुसरं जास्त जेवलं. तिसऱ्याला ताईंनी दांडा ओढला, मोजलं, सोडलं. साचा उघडला, सुटा तुकडा चिमट्यानं काढला, आणि बोंडलं तळहातावर आलं. आईच्या चेपासकट. ताईंनी कड ओठावरून फिरवली आणि डोळे उघडले. “जेवला,” त्या म्हणाल्या. नव्या दुकानातून मुद्दाम आलेल्या सोनीजींनी टाळ्या सुरू केल्या आणि पानवाल्यानं, कसला म्हणून न विचारता, जयजयकार केला.

मग ताई स्टुलावर चढल्या आणि त्यांनी तारेत एक नग ओवला. मला वाटलं उपाशी राहिलेला असेल. पण तो गुरुवारचा होता, बिनचेपाचा. एवढा देखणा नग त्या तारेवर दुसरा नव्हता.

सोमवारी वॉर्डात ताई आत आल्या नाहीत. दाराच्या काचेबाहेर उभ्या राहिल्या, जुन्याच साडीत. या वेळी सिस्टरनं बोंडलं मुलीच्या आईच्याच हातात दिलं आणि चेपाची बाजू गालाकडं धरायला सांगितली. दूध बारीक धारेनं उतरलं. मुलीनं गिळलं, थांबली, पुन्हा गिळलं. ठसका नाही, नाकातून थेंब नाही. बोंडलं रिकामं झालं तेव्हा त्या मुलीनं तोंड उघडंच ठेवलं आणि आणखी हवं म्हणून भोकाड पसरलं. इतकं सुरेल भोकाड मी आयुष्यात ऐकलं नाही. सिस्टर हसली, आई रडली, आणि काचेबाहेर ताई इतक्या मोठ्यानं ओरडल्या की चौकीदार दटावायला धावत आला. त्यालाही त्यांनी हात धरून काचेजवळ उभं केलं. “देखो भैया, पी रही है! पूरा पी गई!”

वजन भरायला आठवडे लागले, पण भरलं, आणि ऑपरेशनही झालं. डॉक्टरांनी पुढच्या बाळांसाठी शंभर बोंडली मागितली. तोवर माझी नागपूरची नोकरी ठरली होती. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी निरोप घ्यायला गोहलपूरला गेलो.

मशीन चालू होतं. ताई पदर खोचून दांडा ओढत होत्या. शेजारी स्टुलावर एक गृहस्थ बसले होते आणि साच्यातून निघालेलं प्रत्येक बोंडलं ताई त्यांच्या हातात देत होत्या. मी त्यांना ओळखलंच नाही. कोणी नवा मदतनीस ठेवला असेल असं वाटलं. ते वळले तेव्हा पाहिलं. मधुकरदादा होते. मिशा साफ काढलेल्या. वरच्या ओठापासून नाकापर्यंत गेलेला तो जुना व्रण गल्लीच्या भर उजेडात उघडा होता.

मी काही विचारायच्या आत ताईच म्हणाल्या, “मी म्हटलं होतं का माहा ओठ कोरा आहे. दादा म्हणते, तुह्या ओठाले काय समजते? ज्याच्यासाठी आहे त्याचा ओठ पाहिजे.”

दादांनी मान हलवली. ताईंनी दांडा धरला होता आणि त्या मोजत होत्या, म्हणून कोणी बोललं नाही. साचा उघडला. दादांनी नवं बोंडलं घेतलं, डोळे मिटले आणि त्याची कड आपल्या व्रणावरून सावकाश फिरवली. मग ते डोळे उघडून, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात, नाकातून म्हणाले, “पास!”